घरी पहिल्यांदाच कुत्र्याचं पिल्लू आणतोय. फिनाईल आणि उंदराचं औषध वर ठेवलंय, आणखी कशापासून जपायचं?

फिनाईल वर ठेवलंत ते बरंच केलंत. पण आमच्या चिंगीला बाधले ते बेदाणे.

माझं आजोळ तासगावकडचं. मामाकडून दरवर्षी दोन-तीन किलो बेदाणे येतात. तीन वर्षांपूर्वी ती पिशवी टीपॉयवर राहिली आणि रात्री चिंगीने तिचा कोपरा फाडला. पहाटे उलटी झाली, त्यात फुगून टपोरे झालेले बेदाणे. बाहेर पडलं ते बरं झालं म्हणून आम्ही तिला दहीभात घातला आणि कामाला लागलो. संध्याकाळी ती कोपऱ्यात पडून, पाण्याकडेही बघेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर परिणाम झालेला. चार दिवस सलाईन लावावं लागलं. वाचली. उलटी झाली तेव्हाच नेली असती तर इतकं ताणलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

द्राक्षं, मनुका, बेदाणे, तिन्ही वाईट. एखादा कुत्रा मूठभर खाऊन मजेत फिरतो, दुसऱ्याची किडनी तेवढ्यानेच जाते, त्यामुळे ‘इतके चालतात’ असं प्रमाण नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेचा गोळाही झाकून ठेवा. आणि सत्यनारायणाचा शिरा! ‘प्रसाद आहे, घासभर दे’ म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. तिला आधीच सांगून ठेवा.

कांदा-लसूणही तसाच. शिजवला, तळला, वाटणात घातला तरी त्यातलं विष जात नाही. दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम कांदा, म्हणजे मध्यम आकाराचे दीड-दोन कांदेसुद्धा बाधू शकतात. मटणाचा रस्सा लावलेली चपाती रोज थोडी थोडी गेली तरी तांबड्या पेशी फुटत राहतात. त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या, लघवी तपकिरी. तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो.

चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असेल तर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर एकदम उतरून कुत्रा कोसळू शकतो. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबात देऊ नका. माझ्या मते कपाटातल्या बाटल्यांपेक्षा हा प्रेमाने केलेला घरगुती इलाज जास्त घातक.

उंदराच्या औषधाबद्दल एक गोष्ट. वड्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच रक्त गोठू न देणाऱ्या असतात. खाल्ल्यावर तीन-चार दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो, मग रक्तस्राव सुरू होतो. त्यावर व्हिटॅमिन के१ आहे, वेळेत मिळालं तर उत्तम लागू पडतं. काळी पूड असते ती झिंक फॉस्फाईड. तिचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की विषारी वायू तयार होतो, आणि त्यावर उतारा नाही. म्हणून पाकीट फेकू नका, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. औषध खाऊन मेलेला उंदीरही पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नका.

काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानेच मीठ चढून जीव जातो. फिनाईल, ॲसिड, रॉकेल पोटात गेलं असेल तर मुद्दाम उलटी करवणं जास्तच धोक्याचं, घसा पुन्हा भाजतो किंवा ते फुफ्फुसात उतरतं. सरळ डॉक्टरांना फोन लावा. ते विचारतील काय खाल्लं, किती, कधी, आणि वजन किती. आम्ही शेवटच्या प्रश्नालाच अडलो होतो. आता दर महिन्याला चिंगीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहते, त्यातून माझं वजन वजा करते आणि आकडा फ्रिजवर लिहिते. घरचे तोच आधी वाचतात, मग माझा आकडा विचारतात.