रोज मासे खाऊनही बी१२ कमी कसं?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहतो. माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि गेली सहा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल घेतात. सुरुवातीला १५ दिवसांसाठीच लिहून दिलेली, नंतर मेडिकलमधून आम्हीच आणत गेलो. आता पायाला मुंग्या येतात म्हणून टेस्ट केली तर बी१२ खूपच कमी निघालं. घरात आठवड्यातले पाच दिवस मासे असतात, मग असं कसं? कॅप्सूल बंद करून बघितली तर तिसऱ्या दिवशी छातीत नुसती आग, परत चालू केली. काय करावं?

उत्तर: ताई, बांगड्यात बी१२ भरपूर असतं, पण ते माशाच्या प्रोटीनला धरून बसलेलं असतं आणि तिथून सुटं व्हायला जठरातलं अ‍ॅसिड लागतं, आणि कॅप्सूलमधलं पॅन्टोप्राझोल नेमकं तेच कमी करतं. म्हणजे ताटात असून अंगी लागत नाही. अमेरिकेत २०१३ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या दोन वर्षं किंवा जास्त घेणाऱ्यांत बी१२ ची कमतरता जास्त दिसली होती. त्यात मेटफॉर्मिननेही बी१२ कमी होतं, म्हणजे आईंना दोन्हीकडून फटका. मुंग्या शुगरमुळेही येतात, त्यामुळे शुगर कशी आहे तेही बघून घ्या. गोळीतलं किंवा इंजेक्शनमधलं बी१२ सुटंच असतं, त्याला अ‍ॅसिड लागत नाही, म्हणून ते लागू पडतं. मुंग्या आहेत तर मी इंजेक्शनने सुरुवात करा म्हणेन, तुमच्या डॉक्टरांना विचारून.

मला जास्त काळजी कॅप्सूलमधल्या दुसऱ्या औषधाची, मळमळ-उलटीवरच्या डॉमपेरिडोनची वाटते. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, साठीनंतर धोका वाढतो, २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी ते शक्यतो आठवड्याच्या वर देऊ नका असं सांगितलं आणि आपल्याकडे ते सहा सहा वर्षं चालतं. हे आधी काढायला सांगा.

बाकी पॅन्टोप्राझोलने किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात असे मेसेज फिरत असतात त्याने घाबरून जाऊ नका. अशा शंका अभ्यासांतून आल्यात हे खरं, पण २०१९ मध्ये १७ हजारांहून जास्त लोकांवरची एक चाचणी आली, निम्म्यांना साधारण तीन वर्षं पॅन्टोप्राझोल आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी, त्यात किडनी, हाडं, स्मृतिभ्रंश कशातच ठळक फरक निघाला नाही, फक्त पोटाचे जंतुसंसर्ग थोडे जास्त. म्हणून पावसात विहिरीचं पाणी गढूळ झालं की आईंना उकळलेलंच द्या, जंतू मारणारं अ‍ॅसिडच कमी आहे ना. मॅग्नेशियम मात्र एकदा तपासा, अशा गोळ्या खूप काळ घेतल्या की ते कमी होऊ शकतं, मग पायात गोळे येतात, धडधडतं, आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी (एफडीए) २०११ मध्येच तशी सूचना दिलीय.

आता तिसऱ्या दिवशीची आग. तो जुना आजार उलटला असंच नाही हं. गोळी अचानक थांबवली की दाबून ठेवलेलं अ‍ॅसिड काही आठवडे उसळून येतं. डेन्मार्कमध्ये ज्यांना कधी अ‍ॅसिडिटी नव्हती अशा लोकांना आठ आठवडे याच जातीची गोळी देऊन बंद केली तर ४४ टक्के लोकांना अ‍ॅसिडिटीचा त्रास सुरू झाला! त्यामुळे हळूहळू उतरायचं, ४० मिलिग्रॅम असेल तर काही आठवडे २०, मग एक दिवसाआड, मधे जळजळलं तर साधं अँटासिड. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरकायचं, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे लावून ती बाजू अर्धा फूट उचलून घ्या, नुसत्या दोन उशांनी पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

पण आई हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघ्यांसाठी पेनकिलर घेत असतील, कधी अल्सर झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, तिथे हीच गोळी पोटातला रक्तस्राव टाळते. काळी शी, गिळताना अडकणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर पत्राची वाट न बघता लगेच दाखवा, एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोटाची तपासणी) लागेल.

आणि मुंग्या जायला महिने लागतात, दोन इंजेक्शनांत फरक नाही म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका.