बॉस्टनचा जादा कर नेमका कोण भरतं?

तुमचा प्रश्न वाचला. कंपनी एल-१ वर (म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर) अमेरिकेत पाठवतेय, मॅसॅच्युसेट्समधलं बॉस्टन किंवा टेक्सासमधलं डॅलस निवडायला सांगितलंय, सोबत नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा. आणि कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय की मॅसॅच्युसेट्समध्ये श्रीमंतांवर जादा कर बसवून तो पैसा फुकटच्या योजनांत घालवतात, तिथे हातात काही उरत नाही. त्यापेक्षा टेक्सास बरं, तिथे राज्याचा आयकरच नाही. मी २०१६ मध्ये पुण्याहून आले, तेव्हापासून मॅसॅच्युसेट्समध्येच वूस्टरजवळ राहते, दोन्ही मुली इथल्या सरकारी शाळेत आहेत. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी तुमची भीती काढून टाकते. तो जादा कर तुम्ही भरणार नाही, मीही भरत नाही. इथे राज्याचा आयकर सगळ्यांना सरसकट ५ टक्के. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनी मतदान करून राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि वर्षाला दहा लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर आणखी ४ टक्के लावले. २०२३ पासून तो लागू झाला. ही मर्यादा महागाईबरोबर दरवर्षी वर सरकते. २०२५ साठी ती १०,८३,१५० डॉलर होती. आणि कर फक्त त्यावरच्या रकमेवर. म्हणजे पहिल्या वर्षी ज्याने बारा लाख डॉलर कमावले, त्याला वरच्या दोन लाखांवर ८,००० डॉलर जास्त पडले. तुम्हाला समजा १,२०,००० डॉलर पगार मिळाला, तर वजावटी जाऊन राज्याचा कर साधारण पाच ते साडेपाच हजार डॉलर होईल. घरभाड्याचीही वजावट इथे मिळते, ती विसरू नका.

हे घडवून आणायला इथल्या लोकांना फार झगडावं लागलं. राज्याच्या घटनेनुसार कराचा दर सगळ्यांना सारखाच हवा, त्यामुळे साधा कायदा करून भागत नव्हतं. १९६२ पासून १९९४ पर्यंत पाच वेळा हा प्रश्न मतपेटीपर्यंत गेला आणि पाचही वेळा पडला. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेवरूनच काढला. शेवटी २०२२ मध्ये जेमतेम ५२ टक्क्यांनी पास झाला. हा पैसा शिक्षण आणि वाहतूक यांसाठीच वापरायचा, असं त्या दुरुस्तीतच लिहिलेलं आहे.

मला हे वाचताना आपली रोजगार हमी आठवली होती. पुण्यात पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापला जातो ना, फेब्रुवारीत ३००? तो कायदा १९७५ चा, आणि रोजगार हमीसाठी पैसा उभा करायलाच तो आणला होता. योजनेमागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे होते. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा, हा विचार महाराष्ट्राने इतक्या आधी केला. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी घरी आणायची. म्हणून ‘फुकट वाटतात’ हा शब्द मला लागतो. आपल्याकडच्या पगारदाराच्या २०० रुपयांत जर ते बसत होतं, तर दहा लाख डॉलरवाल्याच्या चार टक्क्यांत का बसू नये?

आता त्या पैशातून काय आलं ते. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणून शाळेचं जेवण आधी सांगते.

मोठी मुलगी २०१८ मध्ये किंडरगार्टनला गेली. तेव्हा कॅफेटेरियात रांगेत उभं राहायचं, ट्रे घ्यायचा, शेवटी मशीनवर आपला नंबर दाबायचा आणि खात्यातून पैसे वळते व्हायचे. एक दिवस घरी आल्यावर ती दप्तरही न काढता म्हणाली, “आई, माझ्यापुढच्या मुलाचा पिझ्झा परत घेतला.” त्याच्या खात्यात पैसे नव्हते. गरम ट्रे काढून घेतला आणि गार चीज सँडविच दिलं. तिने मला तीनदा विचारलं, “माझ्या नंबरमध्ये पैसे आहेत ना?” मी त्या रात्री खात्यात शंभर डॉलर टाकले, तरी मला झोप लागली नाही.

कोविडच्या काळात केंद्राच्या पैशाने सगळ्यांना जेवण मिळत होतं, ते २०२२ च्या उन्हाळ्यात थांबलं. राज्याने एक वर्ष स्वतःच्या खर्चाने चालू ठेवलं आणि ऑगस्ट २०२३ च्या अर्थसंकल्पात ते कायमचं केलं, याच जादा कराच्या जोरावर. आता धाकटी त्याच रांगेत उभी राहते. नंबर अजूनही दाबतात, हजेरीपुरता; पण ट्रे कुणाचाच परत जात नाही. शाकाहारी असाल तर चीज पिझ्झा, बीन बरिटो, सूर्यफुलाच्या बियांच्या बटरचं सँडविच यांवर दिवस निघतात. भाजी-पोळीचा डबा द्यायचा तर खुशाल द्या. टेक्सासमध्ये राज्यभर असं नाही, तिथे शाळा आणि तुमचं उत्पन्न पाहून ठरतं.

दुसरी गोष्ट बस. वूस्टरच्या बसने मार्च २०२० पासून तिकीट घेणं बंद केलं. पुढे याच करातला पैसा राज्यातल्या अनेक प्रादेशिक बससेवांना बिनभाड्याने चालण्यासाठी मिळाला. माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, गेल्या वर्षी सहा महिने आले होते. इथे गाडी नाही तर म्हातारं माणूस घरात कोंडलं जातं. पहिल्या दिवशी माकडटोपी घालून चढले आणि दहाची नोट पुढे केली. ड्रायव्हरने पैशाच्या डब्यावर तळहात ठेवला आणि आत जायची खूण केली. त्यानंतर ते रोज एकटे लायब्ररीत जायचे. बॉस्टनच्या ‘टी’मध्ये (तिथली मेट्रो-बस सेवा) सरसकट फुकट नाही, पण कमी उत्पन्नवाल्यांना २०२४ पासून निम्मं भाडं आहे.

पदवी नसलेल्यांना कम्युनिटी कॉलेजची फी माफ झालीय, आधी पंचविशीपुढच्यांना, २०२४ पासून सगळ्या वयांना. तुम्हा दोघांना त्याचा उपयोग नाही.

श्रीमंत पळून जातील, असं मतदानाआधी खूप सांगितलं गेलं. काही गेलेही असतील. पण पहिल्या अर्थसंकल्पात या करातून एक अब्ज डॉलर धरले होते, हाती आले दोन अब्जांहून जास्त. मला खटकतं ते वेगळंच. त्याच २०२३ मध्ये राज्याने मोठ्या वारशावरचा आणि अल्पमुदतीच्या शेअर नफ्यावरचा कर कमी केला, आणि कंपन्यांच्या नफ्याचं गणित अनेक मोठ्या कंपन्यांना सोयीचं होईल असं बदललं. कंपन्यांवरचा दर ८ टक्के आहे, तो माझ्या मते वाढवायला हवा. कारण पाळणाघराचा खर्च अजून कंबर मोडतो, आणि त्याला या कराचा पैसा पुरत नाही.

टेक्सासचंही खरं तेच सांगते. तिथे आयकर नाही, आणि २०१९ मध्ये त्यांनी घटनेतच त्यावर बंदी घातली. पण शाळा-रस्ते तर चालवावेच लागतात. मग मालमत्ता कर तगडा, आणि विक्रीकर स्थानिक भाग धरून ८.२५ टक्क्यांपर्यंत. मालमत्ता कर तर भाडेकरूलाही भाड्यातून भरावाच लागतो. आमच्याकडे विक्रीकर ६.२५ आणि १७५ डॉलरपर्यंतच्या कपड्यावर तो नाही. मात्र घरभाडं इथे फार महाग, बॉस्टनच्या आसपास दोन बेडरूमला ३,००० डॉलर सहज जातात. शिल्लक टाकणं हाच पहिला हेतू असेल आणि दोन-तीन वर्षांत परत जायचं असेल, तर डॅलसला जा, मी अडवणार नाही. राहायचा विचार असेल, नवऱ्याला नोकरी करायची असेल (एल-१ वाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एल-२ व्हिसावर ती करता येते) आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तर इकडे या. इथे बाळंतपणात आई आणि बाबा दोघांनाही पगारी रजा मिळते. ती श्रीमंतांच्या करातून नव्हे, आपल्या आणि कंपनीच्या छोट्या वर्गणीतून चालते. पण टेक्सासमध्ये राज्याची अशी सोय नाही.

केंद्राचा कर दोन्हीकडे सारखाच. सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन) ६.२ आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा आरोग्यविमा) १.४५ टक्केही कापले जातील. सोशल सिक्युरिटीबाबत अमेरिकेचा भारताशी करार नाही, त्यामुळे इथे साधारण दहा वर्षांची नोकरी भरली नाही तर त्याचं निवृत्तिवेतन मिळत नाही. पगार ठरवताना हे एचआरशी बोलून घ्या.

ऑफिस नेमकं बॉस्टन शहरात आहे की बाहेर हमरस्त्यावर, ते कळवा. त्याप्रमाणे कुठली गावं बघायची ते सांगते. शाळेच्या नोंदणीसाठी मुलाच्या लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत करून, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी सोबत ठेवा. आमचे पहिले दोन आठवडे त्यातच गेले होते.