साठेखतात तारीखच नाही, आणि खरेदीदार फोन उचलत नाही

प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅटचे साठेखत (पुढे विकण्याचा करार) नोंदवून चौदा महिने झाले. किमतीच्या साधारण एक दशांश रक्कम चेकने मिळाली. उरलेली ‘खरेदीदाराचे बँक कर्ज मंजूर झाल्यानंतर, खरेदीखताच्या वेळी’ मिळायची होती. खरेदीदार आधी ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणायचा, आता फोनही घेत नाही. एजंट म्हणतो, विसार (सौदा पक्का करताना दिलेली बयाणा रक्कम) जप्त करा आणि दुसऱ्याला विकून मोकळे व्हा. दुसरा घेणारा तयार आहे. विकता येईल का?

आज नाही. त्याचे कारण खरेदीदाराच्या वागण्यात नाही, तुमच्या साठेखताच्या त्या एका ओळीत आहे. तुम्ही दोन पाने भरून त्याच्या थापा लिहिल्या आहेत. त्या खऱ्या असतीलही, पण कोर्ट पहिल्यांदा विचारणार की पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे ठरले होते. तुमच्या कागदावर तारीख नाही. सही करण्याआधी ही ओळ कुणी वाचली होती का, हे विचारण्यात आता अर्थ नाही. एजंटने दिलेल्या तयार मसुद्यात हीच ओळ असते आणि या आशयाच्या पत्रांत ती पुन्हा पुन्हा भेटते.

तारीख नसल्याचे परिणाम दोन. करार कायद्याचे कलम ४६ सांगते की मुदत ठरलेली नसेल तर ‘वाजवी वेळेत’ पूर्तता करायची. वाजवी म्हणजे किती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न, म्हणजे साक्षीपुरावा होऊन निकाल लागेल तेव्हा कळणार. आपल्या दिवाणी कोर्टांचा वेग पाहता तोवर इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल. दुसरा परिणाम जास्त घातक. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे, करारपूर्तीचा दावा लावायला खरेदीदाराला तीन वर्षे मिळतात. करारात तारीख असेल तर ती तीन वर्षे त्या तारखेपासून मोजतात. नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे त्याला कळते त्या दिवसापासून. तुम्ही आजवर नकार दिलेलाच नाही, फक्त तगादा लावला. त्यामुळे त्याचे घड्याळ सुरूच झालेले नाही. भाव वाढले की तो उगवेल आणि म्हणेल, मी तयारच होतो. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातील (Specific Relief Act) १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणे न देणे हे पूर्वीइतके कोर्टाच्या मर्जीवर राहिलेले नाही. अर्थात त्याच कायद्याच्या कलम १६(क) प्रमाणे आपण सतत तयार आणि राजी होतो, हे त्याला आजही सिद्ध करावे लागते. तुमचा खरा बचाव तिथे आहे आणि त्याचा पुरावा तुम्हालाच उभा करायचा आहे.

तेव्हा तारीख आता नोटिशीने निर्माण करा. स्थावराच्या व्यवहारात वेळ हे साधारणपणे कराराचे सार मानत नाहीत, म्हणजे नुसती तारीख चुकली म्हणून करार मोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये चांद रानी प्रकरणात हे तत्त्व मांडताना, करारातील शब्दांवरून आणि परिस्थितीवरून ते सार ठरू शकते, असेही म्हटले. तुमच्या शब्दांत ते नाही, म्हणून नोटीस. तीत पाच गोष्टी नेमक्या हव्यात: साठेखताचा नोंदणी क्रमांक, मिळालेली आणि बाकी रक्कम, तुमची कागदपत्रे तयार असल्याचे विधान, अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक दुय्यम निबंधक कार्यालयात बाकी रकमेसह खरेदीखतासाठी हजर राहा, असे बोलावणे, आणि या मुदतीपासून वेळ हे कराराचे सार राहील, न आल्यास करार संपुष्टात येईल, हे वाक्य. मुदत किती द्यावी? सात दिवसांची दिलीत तर ती अवाजवी ठरवायला त्याच्या वकिलाला फार कष्ट पडणार नाहीत. बँकेचे काम आहे, पंचेचाळीस दिवस द्या. चौदा महिने थांबलात, आता या दीड महिन्यासाठी घाई करून नोटीस कच्ची करू नका. ती स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, साठेखतातल्या पत्त्यावर पाठवा. शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. ‘घर बंद’ म्हणून पाकीट परत आले तर ते फोडू नका, तसेच फाइलला लावा.

नेमलेल्या दिवशी तो येणार नाही हे माहीत असूनही तुम्ही जायचेच. खरेदीखताचा मसुदा, मूळ शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, तुमच्यावर कर्ज असेल तर बँकेचे बाकी रकमेचे पत्र, हे सगळे सोबत. ई-स्टेप-इनने (नोंदणी विभागाची ऑनलाइन वेळ घेण्याची सोय) वेळ घेतली असेल तर तिची प्रिंट ठेवा. तिथूनच त्याला ‘मी हजर आहे, तुम्ही आला नाहीत’ असा ईमेल करा. अनेक विक्रेते हा हेलपाटा टाळतात आणि पुढे उलटतपासणीत ‘तुम्ही तरी गेला होतात का?’ या प्रश्नावर अडकतात.

त्यानंतर दुसरी नोटीस, करार संपुष्टात आणल्याची. भाषा स्पष्ट हवी. ‘अन्यथा रद्द समजण्यात येईल’ असले अर्धवट वाक्य नको. त्या दिवसापासून त्याची तीन वर्षे सुरू झाल्याचे तुम्हाला ठामपणे म्हणता येते. शिवाय आय. एस. सिकंदर प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की, करार संपवल्याचे पत्र आल्यावर ते पत्रच चुकीचे असल्याचे जाहीर करून मागितल्याशिवाय नुसता करारपूर्तीचा दावा टिकत नाही. नंतरच्या निकालांत या नियमाला काही फाटे फुटले आहेत, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. याच सुमारास कॅव्हेट (आपले ऐकून घ्या, असा कोर्टाकडे आधीच दिलेला अर्ज) दाखल करा म्हणजे तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम निघणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवसच चालते, संपले की पुन्हा लावा.

आता जप्तीचे. एजंट ‘दहा टक्के आपलेच’ म्हणतो, त्यावर विसंबू नका. विसार म्हणून दिलेली रक्कम वेगळी आणि किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम वेगळी. १९६३ च्या फतेहचंद प्रकरणात १,००० रुपये विसार म्हणून ठेवून घेता आला, किमतीपोटी दिलेले २४,००० ठेवता आले नाहीत. २०१२ च्या सतीश बत्रा निकालाची दिशाही तीच. तुमच्या साठेखतात ‘किमतीपोटी पहिला हप्ता’ असे शब्द असतील आणि जप्तीचे कलम नसेल, तर माझ्या मते रक्कम परत देणे शहाणपणाचे. चुकलेल्या खरेदीदाराकडून नुकसानभरपाई मागता येते, पण नुकसान झाल्याचे दाखवावे लागते. जप्त केलेलीच, तर ती रक्कम आयकरात ‘इतर साधनांपासूनचे उत्पन्न’ ठरते.

परत देताना एक फायदाही आहे. दुसऱ्या नोटिशीसोबत डिमांड ड्राफ्ट पाठवा. त्याने तो वटवला तर सौदा पुढे नेण्याची त्याची तयारी नव्हती असे म्हणायला भक्कम आधार मिळतो.

पण एवढे करूनही नोंदवलेले साठेखत सूची क्रमांक २ वर, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी नोंदीत (इंडेक्स टू), दिसतच राहते. तुमच्या एकट्याच्या सहीने ते पुसले जात नाही. रद्दलेखावर, म्हणजे साठेखत रद्द करणाऱ्या दस्तावर, दोघांच्या सह्या, फोटो आणि अंगठे लागतात. नव्या खरेदीदाराची बँक सर्च रिपोर्टमध्ये (मालमत्तेच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत) ती नोंद पाहून कर्ज अडवेल. शिवाय जुने साठेखत नोंदलेले असल्याने ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा नव्या खरेदीदाराचा बचाव चालणार नाही. म्हणून सध्याच विकायला निघालात तर एकाच्या जागी दोघांशी भांडण, आणि फसवणुकीची तक्रार झाली तर पोलीस ठाण्याचे खेटे वेगळे.

माझा कल तडजोडीकडे आहे. त्याचेही मुद्रांक शुल्क अडकले आहे आणि ते परत मागायला मुदत असते. हे त्याला कळवा, सहीला तयार होण्याचे तेही एक कारण असते. रद्दलेखात पे ऑर्डरचा क्रमांक लिहा आणि त्याचा अंगठा उमटल्यावरच ती हातात द्या. तो नाहीच आला तर साठेखत संपल्याचे जाहीर करून मागणारा दावा लावावा लागेल. त्याला वर्षे लागतील, हे आधीच सांगतो.

दोन गोष्टी पत्रात नाहीत. फर्निचरच्या नावाखाली त्याला किल्ली दिली आहे का? दिली असेल तर ताब्याचा बचाव त्याच्याकडे येतो आणि वरचा सल्ला बराच बदलतो. आधी साठेखत घेऊन वकिलाकडे जा. दुसरे, ‘काही घाई नाही, लोन होईल तेव्हा द्या’ असा मेसेज तुम्ही कधी केला होता का? बहुतेक जण करतात. केला असेल तर आता पुसू नका. संपूर्ण संवाद जपा. कोर्टात तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावा लागेल. आणि नोटिशीनंतर त्याने पाच-दहा हजार खात्यात टाकले तर त्याच दिवशी परत पाठवा. गपचूप ठेवून घेतले तर मुदत तुम्हीच वाढवली असा अर्थ काढला जाईल.

नव्या सौद्यात खरेदीदाराचे बँकेचे मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय साठेखत नोंदवू नका. उत्पन्नावर आधारलेली मंजुरी घर ठरण्याआधीही मिळते. बाकी रक्कम देण्याची तारीख आकड्यात लिहा, विसाराची रक्कम आणि जप्तीचे कलम वेगळे ठेवा. रद्दलेखावर आधीच सही घेऊन ठेवण्याची युक्ती एजंट सुचवतील. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो, नंतर फार तर दंड भरून आणखी चार. आणि कबुलीसाठी त्याला पुन्हा यावेच लागते, त्यामुळे ती युक्ती फारशी कामाची नाही. जुना रद्दलेख नोंदला जाऊन सूची २ ची प्रत हातात येईपर्यंत नव्या माणसाकडून टोकनसुद्धा घेऊ नका.