सैतानाला खरोखर पश्चात्ताप झाला, तर देव त्याला क्षमा करेल का?

तुम्ही विचारलंय की देवाची दया अमर्याद असेल तर ती सैतानापाशीच का थांबावी, आणि उद्या त्याला मनापासून पश्चात्ताप झाला तर त्याला माफी मिळेल की नाही. हा प्रश्न माझ्याही मनात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधी सांगते: पश्चात्ताप झाला तर क्षमा मिळेल. सगळं अडतं ते त्या 'झाला तर'पाशी.

हे माझ्या पदरचं नाही. कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात ३९३व्या परिच्छेदात जवळजवळ हेच आहे. पतित देवदूतांचं, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या सैतानाचं आणि त्याच्या साथीदारांचं, पाप अक्षम्य ठरतं ते देवाच्या दयेत काही उणीव आहे म्हणून नव्हे, तर त्यांनी केलेली निवड मागे फिरू शकत नाही म्हणून. म्हणजे दार देवाने लावलेलं नाही.

चर्चमध्येही यावर सुरुवातीपासून एकमत नव्हतं. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने मांडलं होतं की 'शेवटचा शत्रू नष्ट होईल' या बायबलमधल्या वचनाचा अर्थ त्याचं अस्तित्व संपेल असा नाही, त्याचं शत्रुत्व संपेल. सैतानाचंही तारण होईल असं तो शिकवतो, असा आरोप त्याच्या हयातीतच झाला आणि त्याने तो पत्र लिहून नाकारला. पुढे ५४३ साली सम्राट जस्टिनियनने फर्मान काढलं: भुतांची, म्हणजे त्या पतित देवदूतांची, शिक्षा कधीतरी संपेल असं मानणारा धर्मबाह्य. पण चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने तर स्पष्टच लिहिलं होतं की ज्याने जगात दुष्टता आणली तोही शेवटी बरा होईल, आणि त्याला आजही संत मानतात. मला या गोष्टीचा नेहमी आधार वाटतो.

मग 'मागे फिरू शकत नाही' म्हणजे नेमकं काय? आठव्या शतकातल्या दमास्कसच्या योहानाने म्हटलंय की माणसाला जसा मृत्यू, तसं देवदूतांना त्यांचं पतन. त्यानंतर पश्चात्तापाला जागा नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने याचं कारण उलगडलं. माणूस अर्धवट कळून निर्णय घेतो. राग येतो, ओसरतो. नंतर काहीतरी नवं कळतं आणि 'तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही' असं तो म्हणतो. देवदूताला शरीर नाही आणि त्याचं ज्ञान आपल्यासारखं टप्प्याटप्प्याने येत नाही. जे कळायचं ते एकाच दृष्टिक्षेपात पूर्ण कळतं, आणि ते कळूनच तो निवडतो. नंतर लक्षात यावं असं काही उरतच नाही. क्रूसावरून येशूने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली तेव्हा कारण दिलं ते हेच, की आपण काय करतो आहोत हे त्यांना समजत नाही. सैतानासाठी हे कारण कोणी देऊ शकत नाही.

इस्लाममध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण इब्लिस, म्हणजे तिथला सैतान, नास्तिक नाही. तो थेट अल्लाहशी बोलतो, त्याच्या सामर्थ्याची शपथ घेतो. अल्लाहने सांगूनही आदमला, म्हणजे पहिल्या माणसाला, सजदा (जमिनीला कपाळ टेकून नमन) करायला तो नकार देतो. 'मला तू आगीपासून घडवलंस आणि त्याला मातीपासून, मी त्याच्याहून श्रेष्ठ आहे,' असं त्याचं म्हणणं. चूक आदमच्याही हातून होते. पण आदम आणि हव्वा म्हणतात, 'आमच्या प्रभू, आम्ही स्वतःवरच जुलूम केला,' आणि दया मागतात. इब्लिस काय मागतो? मुदत. कयामतपर्यंतची मुदत. आणि ती त्याला मिळते! एवढा काळ पदरात पडूनही तो एकदासुद्धा माफी मागत नाही, हे वाचताना मी दर वेळी थबकते.

मुस्लिम परंपरेत एक कथा सांगतात. ती कुराणातली नाही, पण तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलं नाही. इब्लिस मूसा या पैगंबराकडे येतो आणि म्हणतो, मला तौबा (पश्चात्ताप) करायची आहे, माझ्यासाठी शब्द टाक. मूसा अल्लाहला विचारतो. उत्तर येतं: चालेल, त्याने आदमच्या कबरीला सजदा करावा. तेवढंच. इब्लिस संतापतो. जिवंत असताना ज्याच्यापुढे वाकलो नाही, त्याच्यापुढे तो मेल्यावर वाकू?

मला ही कथा जवळची वाटण्याचं एक कारण आहे. अनेक वर्षांपूर्वी मी माझ्या ताईबद्दल घरच्यांना एक गोष्ट खोटी सांगितली. ताईने निरोप पाठवला होता: ज्यांच्यासमोर खोटं बोललीस त्यांच्यासमोर खरं सांग, मला बाकी काही नको. मला माझी चूक पक्की ठाऊक होती. तरी चार वर्षं जमलं नाही. उलट जितकं स्पष्ट कळत होतं, तितका ताठा वाढत गेला. शेवटी मी बोलले ते काही नवा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. मोठं आजारपण आलं होतं, दोन पावलं चालायलाही आधार लागत होता, आणि तो ताठा धरून ठेवायचं बळच उरलं नव्हतं. सगळं ऐकून ताई म्हणाली, 'बस आता, पाणी पी.'

तेव्हापासून मला वाटतं की पश्चात्ताप करायला दुबळेपण लागतं. आपण थकतो, आजारी पडतो, मरणार असतो, म्हणून आपल्याला वाकता येतं. अक्वायनसचा देवदूत थकत नाही. त्याच्या ताठ्याला आतून खचवणारं काहीच नाही. मला त्याची भीती वाटायची, आता त्यापेक्षा कणव जास्त वाटते.

बौद्ध परंपरेतला मार, म्हणजे साधकांना मोहात पाडणारा, हा सैतान नव्हे आणि तिथे क्षमा करणारा देवही नाही, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. मज्झिम निकाय या पाली ग्रंथाच्या पन्नासाव्या सुत्तात मार बुद्धाचा शिष्य मोग्गल्लान याला त्रास द्यायला येतो, तेव्हा मोग्गल्लान त्याला सांगतो की पूर्वीच्या एका जन्मी मीच मार होतो, दूसी नावाचा. माझी बहीण काली, तिचा तू मुलगा, म्हणजे माझा भाचा. त्या जन्मातल्या कर्मापायी त्याने दीर्घकाळ नरक भोगला होता. बोलणारा मोग्गल्लान मात्र आता अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, आहे.

तर तुमच्या 'क्षमा मिळेल का'ला माझं उत्तर हो आहे, आणि 'तो मागेल का'ला बहुतेक परंपरांचं उत्तर नाही असं आहे. मला ते 'नाही' पटतं, पण त्यावर समाधान मानवत नाही. सातव्या शतकात निनवेचा बिशप इसहाक याने दयाळू हृदयाचं वर्णन करताना लिहिलंय की ते सगळ्या सृष्टीसाठी जळतं, माणसांसाठी, पाखरांसाठी, जनावरांसाठी आणि भुतांसाठीसुद्धा. त्यांच्या नुसत्या आठवणीने डोळे वाहू लागतात. भुतं परत येतील की नाही, हे तो त्या ओळींत विचारत नाही. मी अजून तिथवर पोचलेले नाही. पण रात्री प्रार्थना करताना, ज्यांना मागता येत नाही अशांसाठी मी थोडा वेळ गप्प बसते, आणि त्यातून कोणालाही वगळत नाही.