तो समोर बसला, तर विचारू काय?

प्रश्न : माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी रात्री कुलूप तोडून शिलाई मशीन, गल्ल्यातले चार हजार आणि एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा शालू चोरीला गेला. चोर निघाला आमच्याच आळीतला सतरा वर्षांचा मुलगा. मशीन भंगारवाल्याकडे सापडली, शालू नाही. त्याची आई रोज दारात येऊन रडते. गावकरी म्हणतात, मिटवून टाका. आता मुलावर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकारी मॅडम विचारतात, बोलायला मुलासमोर बसाल का? मला तर आत टाकावंसं वाटतं. काय करू?
– एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : ताई, आधी हे सांगते की तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता. अशा बैठकीची सक्ती कोणी करू शकत नाही. मी स्वतः परिविक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ज्याचं नुकसान झालंय त्याला ओढून आणलेली बैठक मी कधी धड होताना पाहिली नाही.

‘आत टाकणं’ म्हणाल, तर अशा चोरीसाठी या वयाच्या मुलाला तुरुंग नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात बाल न्याय मंडळ त्याला समज देऊ शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, देखरेखीखाली घरी ठेवू शकतं किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांच्या सुधारगृहात, पाठवू शकतं. पण यातल्या कशानेच तुमचा शालू परत येत नाही, आणि त्या गिऱ्हाइकापुढे खाली गेलेली तुमची मानही वर येत नाही. मॅडम बैठकीचं विचारतायत ते यासाठी.

नुकसान करणाऱ्याने आणि सोसणाऱ्याने समोरासमोर बसायची ही कल्पना कॅनडात रुजली. १९७४ साली ऑन्टॅरिओतल्या एलमायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी या परिविक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, की यांना त्या त्या घरी नेऊन लोकांसमोर उभं करावं. न्यायाधीशांनी मान्य केलं. पोरं दारोदार गेली, लोकांचं ऐकलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई दिली.

गावकरी म्हणतात ती मिटवामिटवी मात्र वेगळी. तिथे पंच बोलतात, तुम्ही मान डोलावता आणि पोरगा कोपऱ्यात खाली बघत उभा असतो. ते मला अजिबात पटत नाही.

माझ्याकडे एक प्रकरण होतं. सोळा वर्षांच्या पोराने विहिरीवरची मोटर चोरली होती. शेतकरी बैठकीला आला तो संतापूनच. पैशांचं बोलेल असं मला वाटलं होतं. त्याने विचारलं, “माझं कुत्रं भुंकलं कसं नाही?” पोरगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “चार दिवस भाकरी घालत होतो त्याला.” शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने तो रात्री उठून बॅटरी घेऊन मळ्यात जायचा, कारण आपलं कुत्रंही आपलं राहिलं नाही असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्या रात्री तो झोपला, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. भरपाई कांदा विकल्यावर तीन हप्त्यांत आली. माफ केलं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि तुम्हालाही कोणी विचारू नये.

बसायचं ठरवलंत तर आधी मॅडमना एकटीने भेटा. मुलगा चोरी कबूल करतोय का, ते विचारा. करत नसेल तर बसू नका. सोबत तुमच्या विश्वासाचं माणूस न्या, सरपंच नको. शालूची किंमत गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या. भरपाईचे आकडे आणि तारखा लेखी करून मंडळापुढे ठेवा, तोंडी काही नको. त्याच्या आईला सांगा, “आता दारात येऊ नका, जे बोलायचं ते तिथेच बोलू.”

आणि प्रश्न घरून कागदावर लिहून न्या. आयत्या वेळी घसा दाटतो. शालू कुठे गेला, हा पहिला लिहा.