लेन्को एल७५ : आर्म आणि बैठक

भाऊ, लेन्को एल७५ या जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या आर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) पैसे घालण्याआधी आयडलर चाक, म्हणजे मोटरची फिरकी तबकडीला देणारं रबरी चाक, बघा. जळगाव-भुसावळच्या उन्हात रबर कडक होतं. त्यात चाक महिनोन्‌महिने दाबात राहिलं, तर खड्डा पडून ठरावीक अंतराने धपधप येते. कितीही भारी आर्म लावा, ती जात नाही.

मूळ आर्मच्या बेअरिंगमधले व्ही-आकाराचे रबरी ठोकळे बहुधा भुगा झालेले असतात. ते बदलले की आर्म डगमगत नाही. डेनॉन डीएल-१०३ ही कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा सुईचा भाग) लावणार असाल, तर जड आर्मच घ्या. आर्म आणि कार्ट्रिजचा मिळून रेझोनन्स (ज्या कंपनसंख्येला ती जोडी आपोआप थरथरते ती) ८ ते १२ हर्ट्झमध्ये यायला हवा.

बैठकीखाली, म्हणजे प्लेअर ज्या लाकडी ठोकळ्यात बसतो त्याखाली, मऊ स्प्रिंगा नकोत. बर्च प्लायचे थर चिकटवून ६०-७० मिमी जाडी करा, प्लेअरची वरची धातूची प्लेट त्यावर घट्ट आवळा. मोटर ज्या स्प्रिंगांवर टांगलेली असते, त्या मात्र काढू नका. घरघर तिथेच अडते.