आखातात परतताना विमान रखडलं तर

पहिल्यांदाच सुट्टी संपवून परतताय, म्हणून मोजकंच सांगतो. नवखे लोक हमखास चुकतात ते इथे: कामावर हजर व्हायच्या आदल्या रात्रीचं तिकीट. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवाच. सौदीला असाल तर एक्झिट-रीएंट्री व्हिसाची (सुट्टीवर बाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याची) मुदत आधी तपासा. विमान लेट झालं म्हणून ती वाढत नाही.

वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) घ्या. मग पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय विमान कंपनी करते. वेगवेगळी काढलेली तिकिटं स्वस्त दिसतात, पण बुडाली की भुर्दंड तुमच्यावर.

मुंबई–दुबईसारख्या अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ३ तास उशीर झाला, तर डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाने खाणंपिणं मिळतं. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानचं विमान ६ तासांहून जास्त रखडलं तर हॉटेलही. संकोच न करता काउंटरवर मागा.

हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नव्हे:
- पासपोर्ट, इकामा (सौदीचा रहिवासी परवाना) किंवा रेसिडेन्सी कार्ड
- तीन दिवसांची औषधं, चिठ्ठीसह
- चार्जर, एक कपड्यांचा जोड

उशीर कळताच सुपरवायझरला मेसेज टाका आणि विमान कंपनीकडून विलंबाचं पत्र घ्या. हजेरीचा प्रश्न आला की तेच दाखवता येतं.